गांधर्व महाविद्यालयाची छापील परंपरा : स्वरलिपीपासून ‘संगीत कला विहार’पर्यंत

गांधर्व महाविद्यालयाच्या इतिहासात गायकांची नावे पुष्कळ आढळतात आणि ती आढळावीत हे योग्यच आहे. परंतु विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे स्थापन केलेल्या या संस्थेने गळ्याइतकाच कागदावरही भरवसा ठेवला होता, आणि म्हणून तिच्या कार्याचा मोठा भाग मैफलींच्या आठवणींत नव्हे, तर स्वरलिपीच्या पुस्तकांत, परीक्षांच्या अभ्यासक्रमांत आणि मासिकाच्या अंकांत शोधावा लागतो. कोणत्या रागापासून शिकण्यास आरंभ करावा, कोणती बंदिश आधी बसवावी, कोणाचे गाणे कान देऊन ऐकावे आणि संगीताच्या जगात कोठे काय घडते आहे, हे सारे पूर्वी गुरूच्या घरी राहणाऱ्यालाच कळत असे. ते त्या घराच्या उंबऱ्याबाहेरील माणसालाही कळावे यासाठी संस्थेने कोणती साधने निर्माण केली आणि त्यांनी काय साधले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संगीत छापण्याचा विचार गांधर्व महाविद्यालयापासून सुरू झाला असे मात्र म्हणता येत नाही. पुण्यात 1874 मध्ये गायन समाजाची स्थापना झाली होती आणि सुशिक्षित वर्गाने संगीताकडे आदराने पाहावे, असा त्या समाजाचा प्रयत्न होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा चालू केली आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या स्वरलिपीतील पुस्तकेही सिद्ध केली. याहून जवळचा धागा पलुस्करांच्या गुरुगृहातच सापडतो. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मुंबईच्या मुक्कामात ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिक काही काळ चालवले होते. ते टिकले नाही. पण जुन्या वळणाच्या, कडक शिस्तीच्या गुरूनेही संगीतावर मासिक काढून पाहिले होते, ही गोष्ट शिष्याच्या पुढील उद्योगाचा विचार करताना दुर्लक्षून चालत नाही.

कुरुंदवाड येथे 1872 साली जन्मलेल्या विष्णु दिगंबरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली आणि त्यामुळे त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. तेथील शिक्षण आटोपून 1896 मध्ये ते बाहेर पडले आणि बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत पंजाबात पोहोचले. या भ्रमंतीत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला, ही घटना संस्थेच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचे मूळ म्हणून पाहिली पाहिजे. दरबारातील श्रोता निमंत्रणाने येतो. तो कोण, किती जाणकार आणि कोणत्या वेळी बसणार हे गायकाला आधीच ठाऊक असते. तिकीट काढून येणारा श्रोता अनोळखी असतो, त्याला जलशाची वार्ता कोठून तरी कळावी लागते, आणि तो पुन्हा यावा असे वाटत असेल तर त्याने काय ऐकले हे त्याला समजावून सांगावे लागते. राजाश्रय सोडून लोकाश्रय पत्करला की जाहिरात, वृत्त, पुस्तक आणि मासिक या गोष्टी संगीताच्या व्यवहारात आपोआप शिरतात. लाहोरचे विद्यालय कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभे राहिले, त्यामुळे छापील शब्द ही त्याची पहिल्यापासूनची गरज होती.

या गरजेतून जे सर्वात कष्टाचे काम निघाले ते स्वरलेखनाचे. स्वरलेखन म्हणजे गाण्यातील स्वर, त्यांचा काळ आणि तालातील त्यांची जागा ठरावीक चिन्हांनी लिहून ठेवणे. विष्णु दिगंबरांनी त्यासाठी स्वतःची पद्धती तयार केली. तिच्यात मंद्र सप्तकातील, म्हणजे खालच्या पट्टीतील, स्वरावर बिंदू दिला जातो, तार सप्तकातील स्वरावर उभी रेघ येते आणि कोमल स्वराचा पाय मोडला जातो. या पद्धतीचा विशेष तिच्या कालमापनात आहे. मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक. स्वर एक मात्रा टिकायचा असेल तर त्याखाली आडवी रेघ, अर्धी मात्रा असेल तर शून्य आणि पाव मात्रा असेल तर लहानशी कमान, अशी प्रत्येक स्वराला त्याच्या लांबीची स्वतंत्र खूण मिळते. तालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली आणि सर्वात वजनदार मात्रा, 1 या अंकाने दाखवतात, टाळी न देता हाताने सोडून दिलेली ‘खाली’ अधिक चिन्हाने दाखवतात, आणि बाकीच्या टाळ्यांसाठी त्या त्या मात्रेचा क्रमांकच लिहितात. म्हणून या लिपीत त्रितालाच्या ओळीखाली 1, 5, अधिक चिन्ह आणि 13 अशा खुणा दिसतात.

याच सुमारास विष्णु नारायण भातखंडे यांनी निराळ्या वाटेने आणि अधिक सुटसुटीत चिन्हे वापरून आपली स्वरलिपी घडवली. तिच्यात एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली एकच कमान काढली जाते आणि प्रत्येक स्वराची लांबी वेगळी सांगण्याचे कारण उरत नाही. पुढे हिंदुस्थानी संगीताच्या छापील साहित्यात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या आणि त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. स्वराच्या डोक्यावरचा बिंदू भातखंडे यांच्या पुस्तकात तार सप्तक सांगतो, तर पलुस्करांच्या पुस्तकात तोच बिंदू मंद्र सप्तक सांगतो. शून्याची खूण एका ठिकाणी ‘खाली’ दाखवते, तर दुसऱ्या ठिकाणी अर्धी मात्रा. संगीताच्या ग्रंथालयात बसून दोन्ही परंपरांची पुस्तके चाळणाऱ्या वाचकाला प्रत्येक वेळी आधी लिपी ओळखावी लागते. पलुस्करांची पद्धती अधिक काटेकोर आणि भातखंडे यांची अधिक सोपी, असा निवाडा सामान्यतः दिला जातो. तो चुकीचा नाही. तथापि एकेका स्वराची लांबी मोजून लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्या गुरूने, गुरू समोर नसताना पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याचा किती विचार केला होता, हे त्या काटेकोरपणातच दिसते.

अशा चिन्हांनी गजबजलेले पान साध्या छापखान्यात जुळवणे अवघड होते. अक्षराच्या वर एक खूण, खाली दुसरी आणि त्याही खाली गीताचे शब्द, अशा तीन पातळ्यांची जुळणी करताना एक खूण बाजूला सरकली तरी स्वर बदलतो किंवा ताल चुकतो. संस्थेने आपला छापखाना घातला, त्यामागे हेही एक कारण मानण्यास हरकत नाही. त्यातून ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारख्या क्रमिक पुस्तकांच्या माला निघाल्या. ही पुस्तके प्रामुख्याने हिंदीत आहेत, ही बाब मराठी वाचकाने लक्षात घेण्याजोगी आहे. कारण भातखंडे मुंबईत बसून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहीत असताना, कुरुंदवाडचा एक मराठी गायक पंजाबातील मुलामुलींसाठी त्यांना समजेल अशा भाषेत संगीत लिहीत होता. ‘महिला संगीत’ या नावाने स्त्रियांसाठी वेगळी पुस्तके काढण्यात आली. घरंदाज स्त्रीने गाणे शिकणे ज्या काळी लोकांना रुचत नव्हते, त्या काळी घरात ठेवता येईल असे पुस्तक हाती देणे ही केवळ शिक्षणाची सोय नव्हती.

विद्यालयाचे मासिक ‘संगीतामृत प्रवाह’ हेही लाहोरच्या वर्षांतलेच. स्वरलिपीत बांधलेली गीते, संगीताविषयीचे विवेचन आणि विद्यालयाच्या कार्याचे वृत्त अशा मजकुरातून त्याने वर्गाबाहेरच्या वाचकाला संस्थेशी जोडून ठेवले. याच विद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ होता. त्यातील निवडक विद्यार्थी संस्थेतच राहून दीर्घ मुदतीचे शिक्षण घेत आणि पुढे गावोगाव जाऊन शिकवण्यास बांधलेले असत. उपदेशक आणि पुस्तक ही एकाच योजनेची दोन अंगे होती. उपदेशक जेथे जाई तेथे पुस्तक त्याच्या पेटीत असे, आणि जेथे उपदेशक पोहोचू शकत नसे तेथे पुस्तकाने एकट्यानेच जावे, अशी अपेक्षा होती.

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली, सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची वास्तू उभी राहिली आणि छापखान्याबरोबर वाद्ये तयार करण्याचा कारखानाही चालला. कर्जाच्या ओझ्यामुळे ती वास्तू पुढे संस्थेच्या हातून गेली. अखेरच्या वर्षांत विष्णु दिगंबरांचे मन रामनामात रमले होते, नाशिकचा आश्रम हे त्यांचे केंद्र झाले होते, आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

वास्तू गेली तरी पुस्तके आणि शिष्य राहिले, आणि संस्थेचा पुढील इतिहास या दोहोंनीच घडवला. गुरूंच्या निधनानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर 1931 मध्ये, शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. तेच पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या नावाने ओळखले जाऊ लागले. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत, आणि इतर शिष्य-प्रशिष्यांनी ठिकठिकाणी आपापली विद्यालये चालवली. या विखुरलेल्या विद्यालयांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावे महाराष्ट्रातील असंख्य घरांत आज सहजपणे उच्चारली जातात.

परीक्षेचा अभ्यासक्रम हा एरवी रुक्ष कागद समजला जातो. पण संगीताच्या बाबतीत त्याने जे काम केले ते चांगल्या ग्रंथपालाच्या कामाशी मिळतेजुळते आहे. पहिल्या परीक्षेस कोणते राग, त्यापुढे कोणते, कोणत्या टप्प्यावर विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल हाती घ्यावा, कोणते ताल हाताने दाखवता यावेत, कोणत्या संगीतकारांची चरित्रे ठाऊक असावीत, याचा क्रम अभ्यासक्रम ठरवून देतो. ज्या गावात जाणकार गवई नाही तेथील शिक्षकाला हा क्रम म्हणजे अनुभवी माणसाने पुढ्यात ठेवलेली शिफारस होती. या क्रमाला लागणारी पुस्तकेही परंपरेतूनच आली. विनायकराव पटवर्धनांच्या ‘राग विज्ञान’चे सात भाग, बा. र. देवधरांचा ‘राग बोध’ आणि ओंकारनाथ ठाकुरांची ‘संगीतांजली’ यांची नावे यात ठळक आहेत. एकाच गुरूच्या या तीन शिष्यांची गायनाची प्रकृती परस्परांहून भिन्न होती, आणि त्यांची पुस्तकेही एका साच्यातली नाहीत. पण शिकवावयाचे ते लिहून ठेवले पाहिजे हा संस्कार तिघांवरही सारखाच दिसतो.

मंडळाचे मुखपत्र, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियतकालिक, ‘संगीत कला विहार’ 1947 मध्ये सुरू झाले. त्याचे संपादन देवधरांकडे आले, ही संस्थेच्या दृष्टीने अत्यंत भाग्याची गोष्ट ठरली. देवधरांचा जन्म 1901 चा, म्हणजे विद्यालयाच्याच वयाचा, आणि तोही मिरजेचा. विष्णु दिगंबरांकडे शिकत असतानाच ते पदवीधर झाले, पाश्चात्त्य संगीताचा त्यांनी रीतसर अभ्यास केला आणि 1925 मध्ये मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली. ऑपेरा हाऊसजवळची ही शाळा निरनिराळ्या घराण्यांच्या गायक-वादकांचे भेटण्याचे ठिकाण होती, आणि बालवयात तेथे आलेले कुमार गंधर्व देवधरांच्याच हाताखाली वाढले. एका घराण्यात शिक्षण झालेल्या माणसाने सर्व घराण्यांकडे कुतूहलाने पाहावे, हा देवधरांच्या स्वभावाचा विशेष होता. त्यांच्या मासिकाचेही रूप त्यातूनच घडले.

मासिकाचा आरंभ ज्या काळात झाला तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवयांचा उरलासुरला आश्रय संपला. त्यांची जागा पुष्कळ अंशी आकाशवाणीने घेतली. 1952 मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही आठवड्यातील एका रात्री मोठ्या कलावंताचे विस्ताराने गायलेले गाणे घरबसल्या ऐकता येऊ लागले. त्याआधी त्याच्या हाताशी काही असेल तर ती ध्वनिमुद्रिका, जिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. नारायणराव व्यासांसारख्या याच परंपरेतील गायकांनी त्या तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करण्याची कला साधली होती आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या होत्या. ऐकण्याची साधने अशी वाढत असताना काय ऐकावे आणि ऐकलेल्यात काय शोधावे, हे सांगणाऱ्याची उणीव अधिक भासू लागते. गुरूच्या घरी ही गोष्ट बोलता बोलता होते. गुरू एखाद्याचे गाणे ऐकताना मान डोलावतो किंवा नुसते भुवईने काही सुचवतो आणि शिष्य ते उचलतो. ज्याच्या वाट्याला ते भाग्य नव्हते त्याच्यासाठी मासिक हेच त्या मान डोलावण्याचे रूप होते. मराठीत आणि हिंदीत निघालेल्या या मासिकाने रागांची चर्चा, बंदिशी, संगीतशास्त्रावरील लेख, कलावंतांची ओळख आणि संगीतक्षेत्रातील घडामोडी हे सारे शिक्षक, विद्यार्थी आणि रसिक यांच्यापर्यंत नेले.

या सर्व मजकुरात सर्वात मोलाची ठरली ती देवधरांनी लिहिलेली संगीतकारांची व्यक्तिचित्रे. बाळकृष्णबुवा, विष्णु दिगंबर, हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ, जयपूर परंपरेचे अल्लादिया खाँ, ज्यांच्याकडून देवधरांनी स्वतः विद्या घेतली ते सिंदे खाँ, आणि ज्यांच्याशी त्यांचा जवळचा स्नेह होता ते बडे गुलाम अली खाँ, अशा कलावंतांविषयी त्यांनी प्रत्यक्ष सहवासातून आणि जुन्या माणसांकडून मिळवलेल्या माहितीतून लिहिले. तालीम कशी मिळाली, रियाज कसा चालत असे, आवाजाची जात कोणती, कोणता राग कोणाच्या गळ्यावर विशेष चढला आणि मैफलीबाहेर माणूस कसा होता, हे त्यांनी साध्या आणि प्रेमळ भाषेत नोंदवले. या लेखांचे महत्त्व वाङ्मयीन गुणांपुरते मर्यादित नाही. विष्णु दिगंबरांच्या शिक्षणपद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. तिने संगीताला भक्तीची बैठक दिली, शृंगारिक शब्दांच्या जागी भजनाचे शब्द आणले आणि विद्यालयाचे वातावरण प्रार्थनेचे केले. त्यामुळे ज्या खाँसाहेबांच्या घरांतून ही विद्या आली होती त्यांचे जग विद्यार्थ्याच्या नजरेआड जाण्याचा धोका निर्माण झाला. ग्वाल्हेरच्या ज्या गायकीवर विद्यालय उभे होते ती हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या घरचीच होती. त्याच परंपरेच्या मुखपत्रात रहिमत खाँ आणि सिंदे खाँ यांची चित्रे इतक्या आदराने रेखाटली गेली, ही त्या उणिवेची भरपाई होती, आणि ती संस्थेच्या आतून झाली म्हणून तिला अधिक किंमत आहे.

स्वरलिपीची मर्यादाही या लेखनामुळे अधिक स्पष्ट होते. बंदिशीचा सांगाडा कागदावर उतरतो. परंतु मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कण, म्हणजे मुख्य स्वराला होणारा शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, आणि या दोहोंच्या मेळातून रागाला येणारा चेहरा कोणत्याही लिपीत पुरतेपणी धरता येत नाही. स्वतः विष्णु दिगंबरांनीही पुस्तकाला गुरूच्या जागी बसवले नव्हते. उपदेशक वर्गातील दीर्घ सहवास त्यांनी त्यासाठीच आवश्यक मानला होता. तरीही लिपीतून जे निसटते त्याविषयी शब्दांत काही सांगता येते. अमुक गायकाचा गंधार असा लागत असे आणि ऐकणारे त्या क्षणी स्तब्ध होत, एवढे वाचलेला विद्यार्थी पुढच्या वेळी तो गंधार ऐकताना कान टवकारतो. स्वरलिपीच्या पानावर हे काम होऊ शकत नव्हते, ते मासिकाने केले.

नियतकालिकाचा अंक हाताळून जीर्ण होतो आणि बहुतेक घरांत तो फार काळ राहत नाही. संगीतविद्यालयांच्या ग्रंथालयांत मात्र ‘संगीत कला विहार’चे वर्षवार बांधलेले खंड जपले जाण्यास सबळ कारण आहे, कारण विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास करणाऱ्याला गायकांच्या तालमीविषयीची आणि मतमतांतरांविषयीची पुष्कळ माहिती ग्रंथांआधी या पानांत मिळते. देवधरांची व्यक्तिचित्रे पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात एकत्र आली, राम देशमुख यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि सिंदे खाँसारख्या, ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात ज्यांना कधी स्थान मिळाले नाही अशा, गवयाचे नाव मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही त्या वाटेने जाऊन पोहोचले.